भिंतीवरची दोन चित्रं

आजच्या भागात आपण चित्रांविषयी बोलणार आहोत. ही मोठ्या चित्रकारांच्या प्रदर्शनातली चित्रं नाहीत. आवडीपोटी, मायेपोटी माणसं काढतात, लावतात, जपतात, ती ही चित्रं. देवघरातली तसबीर, दिवाळीत काढलेला आवडत्या नटाचा रांगोळीतला चेहरा, गणपतीपुढचा देखावा, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं सोंग, ही सगळी त्यातलीच. हल्ली आपली मुलं मोबाईलवर आवडत्या सिनेमातल्या पात्रांची चित्रं काढतात आणि त्याला ‘फॅन आर्ट’ म्हणतात. म्हणजे चाहत्यांनी काढलेली चित्रं. नाव नवीन आहे, गोष्ट जुनीच आहे.

या चित्रांमध्ये एक प्रकार असा आहे की तो पाहिला की काहींना कौतुक वाटतं, काहींना हसू येतं आणि काहींना राग येतो. साडीतला पुरुष, दाढी असलेली नायिका, किंवा बाई की पुरुष हे पटकन सांगता येणार नाही अशी व्यक्ती. गटांच्या बैठकांना गावोगाव जाताना हा विषय निघाला की आम्हाला हमखास एक वाक्य ऐकू येतं, “हे काहीतरी शहराकडचं, मोबाईलमधून आलेलं खूळ आहे, आपल्यात असलं काही नव्हतं.” खरंच नव्हतं का? आज आपण त्याचाच इतिहास बघू.

सुरुवात देवघरापासून करू. मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीनटेश्वराचं मोठं शिल्प आहे. एकच मूर्ती, अर्धी शिव आणि अर्धी पार्वती. हे लेणं साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. नेवासा म्हणजे जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव. तिथं मोहिनीचं रूप घेतलेल्या विष्णूची पूजा होते. नावच बघा ना, आधी मोहिनी आणि पुढं राज. महाभारतातला अर्जुन एक वर्ष विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहिला आणि त्यानं राजकन्येला नाच शिकवला. आणि आपण वारकरी मंडळी पंढरीच्या विठोबाला काय म्हणतो? विठाई. ज्ञानेश्वर महाराजांना काय म्हणतो? माउली. पुरुषाला आई म्हणताना आपली जीभ कधी अडखळली नाही. म्हणजे बाईपण आणि पुरुषपण एकाच ठिकाणी नांदू शकतं, हे आपल्या आज्यापणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण देवाची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी, असं कुणी म्हणेल. तर मग माणसांकडे येऊ.

मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत झाली असं आपण मानतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढं १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू झाला. या नाटकांत सीता, शकुंतला, सुभद्रा कोण होत असे? पुरुष. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं रंगमंचावर जायचं म्हणजे घराण्याला बट्टा. बाईला बंदी म्हणून पुरुष बाई झाला, हे विसरायचं नाही. या कामाला ‘स्त्री-पार्ट’ म्हणत. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा बघायला लोक लांबून येत.

सिनेमाचंही तेच झालं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला त्यांनी साडी नेसवली. याच साळुंक्यांनी १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. लोकांनी दोघांनाही हात जोडले.

आणि मग बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस त्यांचं नाव, जन्म १८८८ चा. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं असं सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’तली सोसणारी सिंधू, अशी त्यांची कामं. भारी शालू, दागिने, गजरे, अत्तरं यांत त्यांनी कधी काटकसर केली नाही आणि पुढं कर्जही झालं. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की त्या काळच्या बाया बालगंधर्वांकडे बघून साडी नेसायला शिकल्या. ते पदर कसा घेतात, केसात फूल कुठं माळतात, नथ कशी घालतात, याची नक्कल घराघरांत होऊ लागली. बाईनं कसं दिसावं हे बायांनी एका पुरुषाकडून उचललं. चाहत्यांची कला म्हणजे आणखी वेगळं काय असतं? कागदावर चित्र काढलं नाही इतकंच, स्वतःच्या अंगावर काढलं.

आता पुण्याला चला. तिथं बालगंधर्व रंगमंदिर आहे, १९६८ साली उघडलेलं. चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं तिथं आहेत. एका चित्रात ते स्त्रीवेशात आहेत आणि दुसऱ्यात पुरुषाच्या वेशात. माणूस एकच. चित्रं सुंदर आहेत. चित्रकारानं कलावंताच्या दोन्ही बाजू दाखवल्या, त्यात वावगं काही नाही. पण आम्हाला ही जोडी आपल्या समाजाच्या मनाचं चित्र वाटते. साडीतल्या पुरुषाचं चित्र आपण डोक्यावर घेतो. फक्त शेजारी दुसरं चित्र असावं लागतं, ‘हा खरा पुरुषच आहे हो, खेळ संपला की साडी उतरवणार आहे’ असं सांगणारं. ते दुसरं चित्र असलं की कौतुक. ते नसलं की मग काय होतं?

ते बघायचं तर रंगमंचावरून खाली उतरावं लागेल.

मराठी राज्याच्या काळात आपल्या भागातल्या काही हिजड्यांना जमिनीची इनामं होती आणि गावोगाव जाऊन मागायचा हक्क सनदेनं मिळालेला होता. बलुतेदारांना, देवस्थानांना जसा हक्क असे तसाच. म्हणजे त्यांचं गावाशी नातं होतं, दप्तरात नोंद होती. पुढं इंग्रजांचं राज्य आलं. कंपनी सरकारनं हा मागायचा हक्क मानायचं नाकारलं, जमिनीच्या वारसालाही आडकाठी घातली. मग १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. फासेपारधी आणि इतर भटक्या समाजांना ज्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं तोच हा. त्याचा एक सबंध भाग तृतीयपंथीयांविषयी होता. तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. त्यांची सरकारी नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेला माणूस बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसला किंवा लोकांपुढं नाचला-गायला तर त्याला विनावॉरंट पकडायचं, कैद करायची.

आता दोन साली शेजारी ठेवून बघा. १८७१ आणि १८८०. एकाच सरकारच्या राज्यात एका ठिकाणी साडी नेसली म्हणून तुरुंग, आणि नऊच वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी साडी नेसली म्हणून टाळ्या. साडी तीच, नाचणं-गाणंही तेच. फरक एवढाच की एकाची साडी पडदा पडल्यावर उतरणार होती आणि दुसऱ्याची उतरणार नव्हती.

पण टाळ्यांच्या बाजूलाही सगळं गोड नव्हतं. तमाशातला नाच्या आठवा. गणगौळणीत कृष्णाला अडवणाऱ्या गौळणींबरोबर मुरडणारा, टाळी वाजवून बोलणारा. त्याच्याशिवाय फड रंगत नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी सिनेमात कितीतरी वर्षं नाच्या रंगवला. त्यांचं “आत्ता गं बया” आपल्यातल्या थोरल्या मावश्यांना आजही आठवत असेल. घरी बायको-मुलं असलेला हा कसलेला नट, पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटवला. बालगंधर्व राजघराण्यांत आणि शहरी बैठकांत वाखाणले गेले, नाच्याच्या वाट्याला शिट्ट्या आणि टोमणे आले. साडीत कोण आहे आणि बघणारा कोण आहे, यावरही मान ठरत होता. त्यात जात होती, पैसा होता, शहर आणि खेड्यातलं अंतर होतं.

हेच दुखणं आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत लिहिलं. २०१० साली त्यावर सिनेमा आला, तो आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिला असेल. गुणा हा कागलचा शेतमजूर, तालमीतलं कमावलेलं शरीर. फड उभा करायचा तर नाच्या पाहिजे आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. म्हणून तो स्वतः होतो. मग गाव, घर, भाऊबंद सगळे त्याला काय काय ऐकवतात, त्याची कशी विटंबना होते, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आधी २००९ साली ‘जोगवा’ आला होता. त्यात तायप्पाला जोगता करून साडी नेसवली जाते. ते काम करणाऱ्या उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दोन्ही सिनेमे चांगले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्हींचा नायक मनानं पुरुषच आहे. एक कलेसाठी साडी नेसतो, दुसऱ्यावर साडी लादली जाते. आपण त्यांच्यासाठी रडतो, कारण आपल्याला ते दुसरं चित्र दिसत असतं. पण जिला साडी कुणी नेसवली नाही, जिच्या पुरुषाच्या देहात लहानपणापासून बाईचंच मन आहे, आणि साडी नेसल्यावरच जिला जरा बरं वाटतं, तिच्यासाठी आपण रडलो का?

अशा व्यक्ती आपल्या ओळखीच्या आहेत. मंगळवारी, शुक्रवारी दारात येणारे जोगते बघा. डोक्यावर यल्लम्माचा जग, हातात चौंडकं, केसांची जट, कपाळभर भंडारा. आपण सुपातून जोगवा घालतो, पाया पडतो, लेकराच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घेतो. देवीला मूल सोडायची प्रथा कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. कुणाच्याही लेकराचं आयुष्य कुणी असं ठरवू नये. पण जे आज आपल्यात आहेत त्यांचं काय? सकाळी दारात पाया पडायचं आणि दुपारी त्याच व्यक्तीला एसटीत शेजारी बसू द्यायचं नाही. लग्नघरात, बाळाच्या बारशाला आशीर्वाद हवा, पण भाड्यानं खोली द्यायची नाही. देवीचं माणूस म्हणून मान आणि माणूस म्हणून काहीच नाही.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट समान दिसते. चित्र काढणारे नेहमी दुसरेच होते. लेणं कोरणारे, नाटक लिहिणारे, सिनेमा काढणारे. ज्यांचं चित्र आहे त्यांच्या हातात कुंचला नव्हता. गेल्या पंधरा वर्षांत तो थोडा त्यांच्या हाती आला. २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आलं. जो शब्द शिवीसारखा अंगावर फेकला जातो तोच त्यांनी स्वतःच्या नावाला जोडून पुस्तकावर छापला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि आपण पुरुष, बाई की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं सांगितलं. त्या खटल्यात आपल्या महाराष्ट्रातल्या गौरी सावंत यांचाही सहभाग होता. २०१९ साली संसदेनं कायदा केला. त्यातल्या ओळखपत्राच्या अटींवर खुद्द तृतीयपंथीयांनीच हरकती घेतल्या, पण निदान बोलणारे तेच होते.

गौरीताईंवर २०२३ साली ‘ताली’ नावाची मालिका आली. त्यांचं काम सुश्मिता सेन यांनी केलं. लोकांनी कौतुक केलं, आणि काहींनी हेही विचारलं की तृतीयपंथी कलाकाराला हे काम का मिळालं नाही. हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. एके काळी बाईचं काम बाईला मिळत नव्हतं. ती करू शकत नव्हती म्हणून नव्हे, तिला दारच उघडत नव्हतं. फाळक्यांनी १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना पडद्यावर आणलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली असतील. आज ती आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

आता आपल्या मुलांच्या चित्रांकडे येऊ. मुलगी आवडत्या नायकाला कानात झुमके घालून चित्र काढते, मुलगा नायिकेला मिशी काढतो, कुणी असं पात्र काढतं ज्याला काय म्हणावं ते आपल्याला कळत नाही. आई घाबरते, पोर बिघडलं म्हणते. मैत्रिणींनो, चित्र काढल्यानं कुणी बदलत नाही. बालगंधर्वांचे सगळे प्रयोग बघून महाराष्ट्रातले पुरुष साड्या नेसून हिंडायला लागले नाहीत. कोकणात आजही दशावतारात पुरुष राणी होतो, शिमग्याला राधा होऊन नाचतो, आणि सकाळी उठून शेतावर जातो. चित्रानं एवढंच होतं की ज्या लेकराला आपण वेगळे आहोत असं आतून वाटतं, त्याला कळतं की आपण एकटे नाही. आणि ज्याला तसं वाटत नाही, त्याला कळतं की वर्गातल्या त्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून ढकलायचं नसतं. अशी मुलं शाळा सोडतात, घर सोडतात, काही तर जीव द्यायला निघतात. त्यांच्या आयांना कुणाकडे बोलताही येत नाही. त्या आया आपल्याच गटांत बसलेल्या असू शकतात, बचतीचे पैसे भरून गप्प राहणाऱ्या. हे म्हणूनच आपलं काम आहे.

गावं बदलू शकतात, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केलं. २०२१ च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. त्यांनी महिलांच्या जागेसाठी भरलेला अर्ज आधी बाद झाला होता. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, आपण बाई आहोत म्हणून बाईच्या जागेवर उभं राहायचा हक्क मागितला, तो मिळवला आणि लोकांनी मतं दिली. मतं देणारी आपल्यासारखीच शेतातली, रोजगाराची माणसं. त्यांनी शेजारचं दुसरं चित्र मागितलं नाही. समोर जी उभी होती तिलाच मत दिलं.

आपल्याला काय करता येईल? तीन साध्या गोष्टी सुचवतो. गणपतीत, नवरात्रात देखावा किंवा रांगोळी करताना साडीतल्या पुरुषाची टिंगल हा विषय नको. त्याऐवजी मोहिनीराज काढा, अर्धनारीनटेश्वर काढा, बालगंधर्व काढा, आणि त्यांच्याबरोबर आजच्या काळातली एखादी गौरी, एखादी अंजलीही काढा. दुसरं, शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा मनापासून लावणी करत असेल तर त्याला शिट्ट्या नकोत, टाळ्या द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुणी चिडवलं तर मास्तरांच्या आधी आपण बोला. तिसरं, आपल्या गावात कुणी तृतीयपंथी व्यक्ती असेल तर पुढच्या बैठकीत त्यांना सतरंजीवर शेजारी बसवा. चहा त्याच कपात द्या. बचत, कर्ज, शिवणयंत्र, शेळी, जे आपल्याला लागतं तेच त्यांनाही लागतं. आणि त्यांना कोणत्या नावानं हाक मारायची, ताई म्हणायचं की दादा, ते त्यांनाच विचारा.

आपल्या आज्यांनी एका पुरुषाकडून पदर घ्यायला शिकलं आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपण त्यांच्याच नाती आहोत.

या भागाविषयी तुमच्या गटात चर्चा करा, मनात आलेलं आम्हाला कळवा. कुणाला आपल्या लेकराविषयी बोलायचं असेल तर बैठक संपल्यावर आपल्या समन्वयक ताईला थांबवा. तुमचं नाव बाहेर जाणार नाही.